चाळणीवर उरलेलं

एक वीट काही केल्या वाळत नव्हती.

बाकीच्या शहाण्यासारख्या वाळल्या. पाण्याच्या टाकीतून काढून फळीवर ओळीने मांडल्या, वर पंखा सोडला, आणि त्यांचा रंग ओल्या राखेवरून कोरड्या राखेवर आला. ही एकच टोकाला बसून घाम गाळत होती. सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप काढावं तर फळीवर तिच्याभोवती ओल पसरलेली. पुसली की दुपारपर्यंत पुन्हा तशीच. शेजारची वीट खडखडीत, आणि हिच्या अंगावर बोट फिरवलं तर बोट ओलं.

गाळबाईला असल्या गोष्टींचा राग यायचा. नाकावर माशी बसू द्यायची नाही, आणि बसलीच तर ती का बसली याचं कारण काढल्याशिवाय उठायचं नाही, असा तिचा स्वभाव. ‘गाळबाई’ हे नाव संस्थेतल्या पोरांनी पाठीमागे ठेवलेलं. तिला ते ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं. सगळी हयात गाळात हात घालून बसलेल्या बाईला लोक काय गुलाबबाई म्हणतील? खाणीतून दगड काढायचा, पिठासारखा दळायचा, त्यातला चिमूटभर धातू काढून घ्यायचा आणि उरलेला करडा चिखल पाण्याबरोबर उतारावरच्या तळ्यात सोडून द्यायचा, अशी त्या धंद्याची रीत. धातू सगळ्यांना हवा असतो. चिखल कुणाच्याच बापाचा नसतो. गाळबाईने तो आपला मानला. त्याच्या विटा पाडल्या, फरशा पाडल्या, आणि भट्टी न पेटवता त्या दगडासारख्या कशा होतात हे जगाला दाखवून दिलं. पाहुणे आले की ती एक वीट त्यांच्या हातात द्यायची आणि म्हणायची, “दगडापेक्षा वीट मऊ असते म्हणे. बघा बरं फोडून.” पाहुणे हसायचे. वीट फुटायची नाही.

तिच्या पद्धतीचा जीव एका ओळीत होता, आणि ती ओळ प्रयोगशाळेच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवलेली होती: चाळणीवर उरलेलं पुन्हा दळावं. काहीही टाकू नये. बाकीचे संशोधक गाळ चाळून घेत आणि वर राहिलेले खडे, ढेकळं, मुळं बाहेर फेकत. म्हणजे कचऱ्याचा कचरा. गाळबाईने ते बंद केलं. जे उरेल ते गिरणीत घाला, पीठ करा, पुन्हा मिसळा. शून्य कचरा. या एका ओळीवर तिला मान मिळाला, विद्यार्थी मिळाले, आणि निवृत्ती तोंडावर आलेली असताना पहिला मोठा कारखानाही मिळत होता.

“क्षार असतील,” ती त्या विटेकडे बघून म्हणाली. “हवेतलं पाणी ओढणारे. तपास आणि मला सांग.”

हे ज्या मुलीला सांगितलं तिला सगळे मुंगी म्हणत. अंगाने बारकी, डोळ्यांवर चष्मा, आणि जेव्हा बघावं तेव्हा स्वतःपेक्षा मोठं काहीतरी उचलून चाललेली. गाळबाईच्या हाताखाली ती डॉक्टरेट करत होती. मुंगीने क्षार तपासले. बाकीच्या विटांत जेवढे, तेवढेच हिच्यात. गाळबाईने स्वतः पुन्हा तपासले. तेवढेच निघाले. मग तिने विटेची जागा बदलली, पंखा बदलला, वीट कपाटात बंद करून पाहिली. कपाटाच्या तळाशी थारोळं साचलं.

“ही कुठल्या घाण्यातली?” तिने विचारलं.

“खालच्या मैदानाचीच आहे मॅडम. सगळ्याच त्याच आहेत.”

हे गाळबाईला माहीत होतं. ते विसरता यावं म्हणूनच तर तिने इतके दिवस क्षारांचा पिच्छा पुरवला होता.

खालचं मैदान म्हणजे काय, ते सांगायला हवं. ज्या खाणीच्या गावी गाळबाई जन्मली तिथे डोंगराच्या कुशीत घरांच्या दोन रांगा होत्या, वरची आणि खालची. त्यांच्याही वर, बांध घालून अडवलेलं गाळाचं तळं. एका सकाळी तो बांध बसला. स्फोट नाही, गडगडाट नाही. लोक म्हणतात, पातेल्यातलं दूध उतू जावं तसा गाळ उतरला. वरच्या रांगेला वळसा घालून गेला आणि खालची रांग त्याने झाकली. कौलं दिसेनाशी झाली तेव्हा कुठे वरच्या लोकांना कळलं की काय झालं. आधी गेली ती बकऱ्यांची ओरड, आणि मग जी शांतता पसरली ती गाळबाईच्या कानात अजून होती. तिची ताई त्या वेळी खालच्या रांगेत शिंपीणबाईंकडे शिवण शिकायला बसली होती. शिकवणी संपायच्या वेळी आई खिडकीतून हाक मारायची आणि ताई चढ चढून घरी यायची. त्या दिवशी आईने हाक मारली. पुढे बरेच दिवस मारत राहिली.

काही माणसं काढली, बरीचशी राहिली. गाळ घट्ट झाला, त्यावर माती टाकली, गवत पेरलं, आणि कंपनीच्या नकाशावर ‘मैदान’ असं लिहिलं गेलं. पण त्या मैदानावर कुणी कधी खेळलं नाही. कारण उन्हाळा लागला की ते गवत सगळीकडे सारखं वाळत नसे. खाली जिथे भिंती होत्या तिथे मुळांना जागा कमी, म्हणून तिथलं आधी पिवळं पडे. वरच्या रांगेतून बघणाऱ्याला हिरव्या गवतात पिवळ्या रेघांनी घरं काढलेली दिसत. खोल्या दिसत, दारांच्या मोकळ्या जागा दिसत. पाऊस पडला की पुसली जात, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उमटत.

गाळबाईची आई अजून वरच्या रांगेतच राहत होती. मुलीने किती वेळा म्हटलं, चल माझ्याकडे, तिथे दवाखाना जवळ आहे, चढ नाही. आई हो म्हणायची नाही आणि नाहीही म्हणायची नाही. दाराला मात्र तिने त्या दिवसापासून कडी लावली नव्हती. ना दिवसा, ना रात्री. “चोर येतील,” असं शेजारणी म्हणाल्या तेव्हा ती म्हणाली होती, “येऊ देत. कुणीतरी येऊ दे.”

अशा घरातली धाकटी मुलगी गाळाचा अभ्यास करायला गेली, याचं लोकांनी कौतुक केलं. आईने केलं नाही. मुलीने पाडलेली एकही वीट तिने घरात येऊ दिली नाही. आणि गाळबाईने दूरदूरच्या खाणींचे ढिगारे उपसले, परक्या मुलखातला गाळ पोत्यांतून मागवला, पण आपल्या गावच्या खालच्या मैदानाची चिमूटभर माती कधी चाळणीवर घेतली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, तो ढीग जुना आहे, धातूचं प्रमाण वेगळं आहे. लोकांना पटायचं. विद्वान माणसाने आत्मविश्वासाने सांगितलेलं सगळ्यांनाच पटतं.

पण कारखाना तिथेच व्हायचा ठरला. बाकीचे ढीग संपत आले होते, आणि त्या मैदानाखालचा गाळ पावसाळ्यात पुन्हा सरकायला लागला होता. राहू द्यावा तर वरच्या रांगेलाही धोका होता. तो उपसून विटा पाडायच्या आणि त्याच विटांची गावात शाळा बांधायची, अशी योजना. तपासून सही करायची होती गाळबाईने. मैदानात पडलेल्या माणसांचं काय, असा प्रश्न बैठकीत एकदा निघाला. कुणीतरी म्हणालं की इतक्या वर्षांत त्या आंबट गाळात काही शिल्लक राहत नाही. सगळ्यांनी गाळबाईकडे पाहिलं. ती म्हणाली, “रसायनशास्त्र तसंच सांगतं.” आणि कानावर हात ठेवावा तसा तिने विषय तिथेच मिटवला.

“मुंगे,” ती आता म्हणाली, “या विटेत आणि बाकीच्यांत काहीतरी वेगळं असणार. आठव.”

मुंगी आठवायला लागली. तिचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा झाला होता.

“वेगळं असं काही नाही मॅडम. बाकीच्या पोत्यांत चाळणीवर काही उरलंच नव्हतं. सगळं पिठासारखं गेलं. शेवटच्या पोत्यात थोडं उरलं. मग आपल्या पद्धतीप्रमाणे गिरणीत घालून पुन्हा दळलं आणि मिसळलं. त्याची ही एकच वीट झाली.”

“काय उरलं होतं?”

“खडे. पांढरट. आणि हलके होते, म्हणून मला नवल वाटलं. चुनखडी म्हणावी तर आम्लात फारसे फसफसले नाहीत. मग एक मी जिभेला लावून बघितला, तुम्ही शिकवलंय तसा.”

दगडाची माणसं जिभेला दगड लावतात, यात लाजण्यासारखं काही नाही. ओला झाला की त्याचे कण दिसतात, रंग उघडतो. चिकणमाती जिभेला धरते, साधा दगड धरत नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना गाळबाई हे करून दाखवायची आणि त्यांची तोंडं वाकडी झाली की खूश व्हायची.

“मग?” ती म्हणाली.

“चिकटला मॅडम. जिभेला घट्ट चिकटला. म्हणून मी चिकणमातीचं ढेकूळ असं धरलं.”

गाळबाई खुर्चीवर बसली. चिकणमातीचं ढेकूळ पाण्यात पडलं की विरघळतं, आणि हा गाळ पाण्यातच चाळला होता. जिभेला चिकटणारी आणखी एक गोष्ट असते, सच्छिद्र आणि हलकी. ती शिकवायचं गाळबाईने कधी ठरवून टाळलं नव्हतं. त्याची वेळच आली नव्हती. खाणीच्या गाळात हाड कोण शोधतो?

तिने विटेचा कोपरा खरवडला आणि ती भुकटी घेऊन स्वतः यंत्राशी बसली. हाड ज्याचं बनतं ते फॉस्फेट त्या डोंगराच्या दगडात नाही, हे तिनेच एकदा छापून आणलेलं. बाकीच्या विटांत नव्हतंच. या विटेत होतं. आकडा पडद्यावर आला तेव्हा तिने यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. आकडा तोच आला. खालच्या रांगेत बकऱ्या होत्या, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. तरी भिंतीवरची हातभर अक्षरं तिच्याकडे बघत होती. काहीही टाकू नये. ती पद्धत कुणा परक्याची नव्हती, कंपनीची नव्हती. गिरणी तिने लावली होती, ओळ तिने लिहिली होती, आणि साध्याभोळ्या मुंगीकडून ती तिनेच गिरवून घेतली होती.

मुंगीला न सांगून चालणार नव्हतं. सांगितलं तेव्हा तिने तोंडावर हात घेतला आणि तशीच उभी राहिली. मग नळाकडे धावली. चुळा भरल्याचा आवाज बराच वेळ येत होता. परत आली तेव्हा डोळे लाल झाले होते.

“मी जिभेला लावलं मॅडम.”

“हो.”

“आणि मग दळलं.”

“ते मी दळलं,” गाळबाई म्हणाली. “तुझा काही दोष नाही. आणि ऐक. ते कुणीही असो, इतक्या वर्षांत त्याला हात लावणारं माणूस तूच पहिलं. नळाखाली तोंड धुऊन विसरायची गोष्ट नाही ही. नीट लक्षात ठेव.”

मुंगी रडायला लागली. गाळबाईला कुणाला जवळ घ्यायची सवय नव्हती. तिने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि टेबलाला टेकून उभी राहावी तशी उभी राहिली.

सहीची बैठक दुसऱ्या दिवशी होती. गाळबाईने ती वीट टॉवेलात गुंडाळली, कापडी पिशवीत घातली आणि गावाची बस धरली. बसमध्ये पिशवी मांडीवर घेतली होती. थोड्या वेळाने शेजारची बाई म्हणाली, “तुमची पाण्याची बाटली गळतेय वाटतं.” गाळबाई “हो” म्हणाली.

आई खिडकीशी खुर्ची टाकून बसली होती. दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं. आत तेच लोखंडी कपाट, तोच पलंग, आणि भिंतीकडेच्या खुंटीला ताईने अर्धवट दुमडून टाचलेला पडद्याचा तुकडा. टाके पुढे पुढे सरळ होत गेलेले दिसत, आणि जिथे सरळ यायला लागले तिथेच ते संपत.

“अवेळी आलीस धाकटे,” आई म्हणाली. “चहा टाकते. पिशवीत काय आहे?”

“वीट.”

आई उठता उठता पुन्हा बसली. “तुला एकदा सांगितलंय. त्या चिखलातलं काही माझ्या घरात आणायचं नाही.”

“खालच्या मैदानाची आहे आई.”

मग गाळबाईने सगळं सांगितलं. आडवळणाने सांगणं तिला कधी जमलं नव्हतं. चाळणी, पांढरे खडे, गिरणी, फॉस्फेट. आई खिडकीबाहेर बघत ऐकत होती. खाली गवत वाळायला लागलं होतं आणि पिवळ्या रेघा उमटल्या होत्या.

“कुणाचं ते नाही कळायचं,” गाळबाई शेवटी म्हणाली. “दळल्यावर काहीच कळत नाही. बकरीचंही असेल.”

“शिंपीणबाईंकडे बकरी नव्हती,” आई म्हणाली.

“शिंपीणबाईंचं कुठून आलं मध्येच?”

“ती तुझी चष्म्याची पोरगी आली होती ना, बारकीशी, ते लांब पातं घेऊन? सगळीकडे भोकं पाडत हिंडली. शेवटचं भोक शिंपीणबाईंच्या दारात पाडलं. ते बघ दार, रेघ तुटलीय ना, तिथे. मी इथून हाका मारल्या तिला, अगं तिथे नको म्हणून. तिला कशा ऐकू जाणार? इथून मारलेली हाक तिथे पोचतच नाही. तेव्हा वाटायचं की पोचते.”

गाळबाईने खाली पाहिलं. पिवळ्या रेघेत हातभर मोकळी जागा होती आणि तिथे खरंच मातीचा ताजा ठिपका होता. शेवटचं पोतं तिथलंच होतं, हे तिला न विचारता कळलं.

“तू गाळ शिकायला निघालीस ना,” आई म्हणाली, “तेव्हा मी कुणाला बोलले नाही, पण मनात म्हटलं, ही तिला शोधायला चाललीय. म्हणून जाऊ दिलं. आणि तू विटा पाडत बसलीस. सगळ्या जगाचा चिखल उपसलास, एवढा एक सोडून.”

“मलाही वाटायचं की मी तेच करतेय,” गाळबाई म्हणाली. “खरंच वाटायचं आई. प्रत्येक ढिगाऱ्याला वाटायचं, हा झाला की मग आपला. आणि मग दुसरा शोधायचे. मला भीती वाटत होती.”

“कसली?”

“ती सापडेल याची. आणि नाही सापडणार याचीही.”

आईने हात पुढे केला. “आण इकडे.”

गाळबाईने टॉवेल सोडून वीट तिच्या मांडीवर ठेवली. आईने ती आधी दोन्ही हातांनी धरली, मग एका हाताच्या कोपरात घेतली, आणि हलकेच वर-खाली करून वजन पाहिलं. बाजारात करतात तसं नव्हे. गाळबाईच्या ते लक्षात यायला थोडा वेळ लागला.

“ताई जन्मली तेव्हा एवढीच होती,” आई म्हणाली.

विटेतून पाणी झिरपून आईच्या कपड्यांवर डाग पसरत चालला होता.

“आई, तू भिजतेयस. दे ती इकडे.”

“भिजू दे. पोरं भिजवतातच.”

गाळबाई जमिनीवर बसली आणि आईच्या खुर्चीला डोकं टेकून लहान मुलीसारखी रडली. साठीच्या घरात आलेल्या बाईला असं रडताना कुणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं, याची तिला त्या वेळी पर्वा नव्हती. आई एका हाताने वीट धरून होती आणि दुसऱ्या हाताने धाकटीच्या केसांतून बोटं फिरवत होती.

“उद्या सही आहे,” गाळबाई बऱ्याच वेळाने म्हणाली. “नाही म्हणून सांगते. मैदान आहे तसं राहू दे.”

“नाही कशाला?” आई एकदम तडकली. धाकटीचा राग कुणाकडून आला ते अशा वेळी कळायचं. “ती तिथेच राहू दे म्हणतेस? आणखी एक पाऊस झाला की ते सगळं इथे आमच्या उरावर यायचंय. काढा तिला वर. सगळ्यांना काढा. फक्त दळू नका गं. एवढंच.”

वीट आईने परत दिली नाही. गाळबाई रिकामी पिशवी घेऊन निघाली.

बैठकीत कंपनीचे व्यवस्थापक होते, विभागप्रमुख होते, आणि लेखणी उघडून बसलेली दोन-चार मंडळी होती. गाळबाई म्हणाली की सही करते, पण पद्धतीतली एक ओळ काढून टाकते. चाळणीवर उरलेलं दळायचं नाही. गिरणी बंद. सगळा गाळ पाण्याने हळू चाळायचा आणि वर जे राहील ते हाताने वेचून गावाच्या स्वाधीन करायचं.

विभागप्रमुखांना घाम फुटला. “अहो मॅडम, शून्य कचरा हीच तर आपली ओळख. तुमचं नाव मोठ्या पुरस्कारासाठी गेलंय ते त्याच ओळीवर. ती काढलीत तर हात दाखवून अवलक्षण होईल. आणि दळायचं नाही म्हटलं की उरलेला तो कचराच झाला ना?”

“मी आजवर कचरा म्हणूनच दळत होते,” गाळबाई म्हणाली.

व्यवस्थापक समंजसपणे हसले. तेही मुळात दगडांचेच अभ्यासक, पुढे खुर्चीवर गेलेले. “बाई, भावना समजतात. पण तिथे काही उरलंय याला आधार काय? तुम्हीच म्हणाला होतात की रसायनशास्त्र...”

“चुकले होते. माझ्या विद्यार्थिनीला चाळणीवर एक पांढरा खडा मिळाला. हलका. तिने तो जिभेला लावला. तो चिकटला.”

पुढे बोलायची गरज पडली नाही. त्या खोलीतल्या प्रत्येकाने तरुणपणी कुठल्या ना कुठल्या डोंगरावर दगड जिभेला लावला होता. चिकटणारा खडा पाण्यात विरघळला नाही तर तो काय असतो, हे त्यांना आकड्यांशिवाय कळलं. व्यवस्थापकांचं हसू तसंच राहिलं आणि त्यामागचा चेहरा बदलला. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि ओठ पुसले. मग विभागप्रमुखांनीही, का कोण जाणे, पाण्याचा पेला उचलला.

सही झाली. कारखान्यासाठी मागवलेली गिरणी आली तशी परत गेली, शाळा लांबली, आणि पुरस्कार दुसऱ्या कुणालातरी मिळाला. भिंतीवरची ओळ गाळबाईने स्वतः शिडीवर चढून पुसली. रंग चांगला नव्हता, त्यामुळे ती अजून फिकट दिसते.

चाळणी सुरू झाली त्या सकाळी वरच्या रांगेतली म्हातारी माणसं घरातल्या खुर्च्या घेऊन खाली उतरली. कुणी बोलावलं नव्हतं. मोठी चाळणी हळूहळू हलत होती, पाणी वाहत होतं, गाळ खाली जात होता. वर मधूनमधून काहीतरी राहायचं. कौलाचा तुकडा, चमचा, बुटाचा तळ, कात्रीचं एक पातं. आणि पांढरे खडे. मुंगी ते दोन्ही हातांनी उचलायची, पाण्याने धुवायची आणि स्वच्छ कापडावर ठेवायची. हे कुणाचं, असं पहिल्या दिवशी एक-दोघांनी विचारलं. मग विचारणं थांबलं. खडा कापडावर आला की जो जवळ असेल तो त्यावर हात ठेवायचा. ज्यांचं कुणीच गेलं नव्हतं तेही ठेवायचे.

बांध बसला त्या दिवसानंतर आई पहिल्यांदाच खाली उतरली होती. उतारावर गाळबाईने हात धरला तर तिने झटकला. ती चाळणीकडे गेली नाही. पिवळ्या रेघांमधून, भिंती ओलांडायच्या टाळून, दारादारातून चालत ती शिंपीणबाईंच्या घराशी गेली आणि रेघ तुटली होती तिथे उभी राहिली. बरोबर आणलेली पिशवी तिने उघडली नाही. नुसती छातीशी धरून होती. पिशवीचा तळ ओला झाला होता. शिकवणी संपायची जी वेळ असायची ती होईपर्यंत ती तिथेच उभी होती. मग म्हणाली, “चल,” आणि ते धाकटीकडे बघून म्हटलेलं नव्हतं.

चढ चढायला तिला फार वेळ लागला. घरी आल्यावर तिने वीट पिशवीतून काढून पलंगावर भिंतीच्या बाजूला ठेवली, जिथे ताई झोपायची.

“धाकटे, टॉवेल दे.”

गाळबाईने टॉवेल दिला. वीट ओली का राहते, याचं एक कारण तिला त्या आठवड्यातच सुचलं होतं. हाडाची भुकटी पाणी धरून ठेवते वगैरे. पुरतं जुळत नव्हतं, पण छापण्याइतकं होतं. तिने ते सांगितलं नाही. आईने वीट चारी बाजूंनी टिपली, कान-मान पुसावे तशी, आणि टॉवेल वाळत टाकला.

मग ती दाराकडे गेली. बाहेर अजून उजेड होता, लोक खुर्च्या घेऊन वर येत होते. आईने दार ओढून घेतलं आणि कडी लावायला गेली. इतक्या वर्षांत ती गंजून जाम झाली होती. गाळबाई पुढे झाली, आणि दोघींनी मिळून जोर लावला तेव्हा कुठे ती बसली.

“हं,” आई म्हणाली. “आता सगळ्या घरात आहेत.”